माशीचे पंख

आत्याने रुमालाचं टोक तोंडात घातलं, चांगलं ओलं केलं आणि धाकटीच्या डाव्या डोळ्याची कड पुसायला हात पुढे केला. धाकटीने मान मागे घेतली, पण मागे दवाखान्याची भिंत होती. ओला, कोमट, लवंगेच्या वासाचा रुमाल डोळ्याच्या कोपऱ्यातून फिरला.

"शी! नुसती घाण साठते त्या डोळ्यात," आत्या म्हणाली. "आतल्या बाई काय म्हणतील?"

वीस-बावीस वर्षांच्या घोडीचं तोंड थुंकीने पुसलेलं बघून त्या काय म्हणतील, हे मात्र आत्याला सुचलं नाही.

त्या घरात 'शी' हा शब्द मिठासारखा वापरला जाई. भाजीत अळी निघाली तरी शी, मोरीत केस अडकले तरी शी आणि धाकटीने मान वर करून बघितलं तरी शी. तिची आई ती रांगत होती तेव्हाच गेली. वडील नोकरीपायी कायम बाहेरगावी. दोघी बहिणींना वाढवलं ते आत्याने. थोरलीचे डोळे सरळ, त्यामुळे ती लग्न होऊन केव्हाच सुटली. धाकटीचा डावा डोळा मात्र नाकाकडे वळलेला, नाकाच्या पलीकडे काय चाललंय ते बघण्याची त्याला जन्मापासूनची हौस असावी तसा. आत्याला माया नव्हती असं म्हणता येणार नाही. धाकटी तापाने फणफणली की ती उशाशी बसून राही. फक्त बसताना उजवीकडे बसे, म्हणजे तो डोळा समोर येत नसे.

धाकटी फोटो स्टुडिओत कामाला होती. तेव्हा फोटो काळेपांढरे असत आणि कोणीही आपलं तोंड जसं आलं तसं घरी नेत नसे. स्टुडिओच्या मागच्या खोलीत औषधांचा आंबूस वास कोंडलेला असे. तिथे भिंगाखाली फोटो धरून धाकटी बारीक कुंचल्याने लोकांची मुरमं पुसायची, पुढे आलेले दात आत बसवायची. आणि तिरळे डोळे सरळ करायची. आधी बुबुळ पांढऱ्या रंगाने झाकायचं, मग योग्य जागी नवं काढायचं आणि त्यात उजेडाचा कणभर ठिपका सोडायचा. ठिपका चुकला तर डोळा मेल्यासारखा दिसतो. तिचा कधी चुकला नाही. मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, "हिच्या बोटांना डोळे आहेत."

आणि त्यातूनच हे सगळं उपटलं होतं. एक चांगलं स्थळ आलं, तेव्हा आत्याने धाकटीचाच फोटो तिच्यापुढे टाकला. "जगाचे डोळे नीट करतेस, स्वतःचा करायला काय झालं?" धाकटीने केला. सुरेख झाला. फोटो पसंत पडला आणि मुलाची आई घरी आली. ती बराच वेळ एकदा फोटो, एकदा धाकटी असं बघत राहिली. मग तिने आत्याला सरळ विचारलं, "हिची बहीण कुठे आहे? फोटोतली?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आत्याने सारवासारव केली, पाणी दिलं, चहा दिला. जाताना त्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "मुलगी बाकी बरी आहे. डोळा सरळ करून घ्या, मग बघू." कल्हईवाल्याकडून पोचे काढून आणा म्हणावं तसं.

मोठ्या डॉक्टरांनी धाकटीला तपासलं. "डोळा सरळ करता येईल," ते म्हणाले. "पण आधी दोन्ही डोळे मिळून कसं बघतात, ते आमच्या बाई तपासतील. सरळ केल्यावर हिला एकाचे दोन दिसणार असतील तर मी सुरी लावणार नाही."

आत्याने त्यातलं एवढंच उचललं: 'दोन' म्हटलं की संपलं.

म्हणून आज ती सकाळपासून तपासणीच्या खोलीबाहेरच्या लाकडी बाकावर बसून, आतून येणाऱ्या प्रत्येकाला हटकत होती.

"काय हो, आत काय विचारतात?"

"दिवे मोजायला सांगतात," एक गृहस्थ म्हणाले.

"किती होते?"

"चार."

"चार!" आत्याने धाकटीच्या मांडीला चिमटा काढला. "ऐकलंस?"

मग एक चिमुरडी रडत बाहेर आली आणि आईच्या कमरेला बिलगली. "माशी! एवढी मोठी! अंगावर आली माझ्या!"

"चित्रातली आहे गं, वेडाबाई," तिची आई म्हणाली आणि आत्याकडे वळून हसली. "काळा चष्मा घातला की पंख वर उठतात म्हणे. हिने हातच लावला नाही."

"बघ, पंख वर," आत्या कुजबुजली. "म्हणजे चिमटीत धरायला सांगितलं की हात वरच ठेवायचा. आणि शेवटी काहीही दाखवलं तरी एक. चार, वर, एक. म्हण बघू."

"आत्या, ही काय शाळेतली परीक्षा आहे?"

"परीक्षाच आहे! नापास झालीस तर जन्मभर माझ्या उरावर बसशील. म्हण."

"चार, वर, एक," धाकटी म्हणाली.

तिने ते म्हटलं, कारण तिलाही सरळ डोळा हवाच होता. त्या मुलाचं तिला फारसं काही नव्हतं. पण एकदा तरी असं व्हावं, की ती कोणाशी बोलते आहे आणि तो माणूस आपल्या मागे कोण उभं आहे ते वळून बघत नाही. दुकानदार म्हणत नाही, "ताई, माझ्याशी बोलताय का?" एवढंच. एवढ्यासाठी ती पोपटासारखं काहीही म्हणायला तयार होती.

तपासणीच्या खोलीत अंधार होता आणि स्पिरिटचा वास होता. तपासणाऱ्या बाईंना सगळे दिवेवाल्या बाई म्हणत. उंच, हडकुळ्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलणं तुटक. आत्या धाकटीच्या पाठोपाठ आत शिरली.

"लहानपणी हिच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली होती का?" बाईंनी विचारलं.

"बांधली होती की! महिनोन् महिने," आत्या म्हणाली.

धाकटीला ती पट्टी आठवत होती. मांसाच्या रंगाची, कडेला धूळ चिकटून काळी झालेली चिकटपट्टी. ती लावून नुकती कुठे सवय होत होती, तेवढ्यात घरी पाहुणे यायचे ठरलं. आत्याने "शी, काय ते ध्यान" म्हणत एका झटक्यात ती ओढली. पापणीचे केस पट्टीबरोबर निघून आले. पाहुणे गेल्यावर आज लावू, उद्या लावू असं चाललं आणि उरलेल्या पट्ट्या खणातच वाळून गेल्या.

"तुम्ही बाहेर बसा," बाई आत्याला म्हणाल्या.

"मी हिची आईच समजा ना."

"आयांनाही मी बाहेरच बसवते."

आत्या नाक मुरडत बाहेर गेली. बाईंनी धाकटीच्या नाकावर चष्मा ठेवला. उजवी काच लाल, डावी हिरवी. आधीच्या माणसाचा घाम बाईंनी बोळ्याने पुसला होता, तरी नाकाशी तो ओलसरपणा लागलाच. किती नाकांवर हा बसला असेल, या विचाराने धाकटीला अंग चोरून घ्यावंसं वाटलं. समोरच्या भिंतीवरच्या पेटीत दिवे लागले. तिला दोन दिसले. वर एक आणि खाली एक, दोन्ही लाल.

"किती दिवे आहेत?"

"चार."

"रंग सांग."

हे आत्याने विचारून ठेवलं नव्हतं.

"वरचा लाल," धाकटी म्हणाली. "खालचा लाल."

"बरं. आणि बाकीचे दोन?"

"तेही... लालच."

बाईंनी तो चष्मा काढून काळ्या काचांचा दुसरा घातला आणि तिच्या हातात एक जाड पुस्तक उघडून दिलं. पानभर माशी होती. केसाळ पाय, डोळ्यांच्या जाळ्या, जाळीदार पंख. छपाई चांगली होती. छटा कुठे गडद केल्या आहेत, कुठे सोडल्या आहेत, हे धाकटी कामाच्या सवयीने बघत राहिली.

"पंख चिमटीत पकड."

धाकटीने पानाच्या चांगलं वर हवेत चिमूट धरली. बाई तिच्या हाताकडे बघतच नव्हत्या. त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"वर आलीय का माशी?"

"हो. खूप वर."

"किळस नाही वाटत?"

"वाटते."

"वाटते असं सांगावं लागत नाही गं," बाई म्हणाल्या. "जिला ती उठलेली दिसते, तिचं नाक आधी आक्रसतं आणि हात मागाहून थांबतो. मोठे मोठे पहिलवान या खुर्चीत 'ई' करतात. तुझी चिमूट बरोबर थांबली, पण तोंड कोऱ्या पाटीसारखं."

धाकटीचे कान तापले. नाक आक्रसणं म्हणजे काय हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? आधी नाकपुडी, मग वरचा ओठ, मग नजर पटकन दुसरीकडे. आयुष्यभर समोरच्यांच्या तोंडावर ती ते बघत आली होती. कुंचला दिला असता तर तिने न बघता काढून दाखवलं असतं. आणि आज एकदा, फक्त एकदा स्वतःला करायची वेळ आली, तर ते तिला जमलं नव्हतं.

"बाहेर पढवून आणलंय, ते कळलं मला," बाई म्हणाल्या. "रागावत नाही. चार दिसत नाहीत तर नाही दिसत, माशी उठत नाही तर नाही उठत. तेवढ्यावर ऑपरेशन अडत नाही. पण पुढच्या प्रश्नाचं उत्तर मला तुझ्या तोंडावरून वाचता येणार नाही. ते तुलाच द्यावं लागेल. तेव्हा नीट ऐक."

मग त्यांनी समजावून सांगितलं. तिचा डावा डोळा आंधळा नव्हता. लहानपणी दोन डोळ्यांची दोन चित्रं जुळेनात, तेव्हा मेंदूने डाव्या डोळ्याचं चित्र एका कोपऱ्यात सारून त्यावर चादर घातली होती. चादर तेवढ्याच जागेपुरती. डोळा सरळ केला की ते चित्र तिथून सरकणार. कोणाच्या मेंदूत तिथेही चादर असते, मग काही बिघडत नाही. कोणाच्या मेंदूत नसते, मग ते चित्र उघडं पडतं आणि पुन्हा झाकलं जात नाही.

"कधीच?"

"लहान मुलांचं सांगता येतं. तुझ्या वयाला मी भरवसा देणार नाही."

बाईंनी फणीसारखी लांब पट्टी काढली. तिच्यात काचेचे तुकडे एकाखाली एक बसवलेले, खाली खाली जाड होत गेलेले. हाताएवढ्या अंतरावर बारीक दिवा लावला आणि पट्टी धाकटीच्या डाव्या डोळ्यापुढे हळूहळू सरकवू लागल्या.

"एक की दोन?"

"एक."

"आता?"

"एक."

"आता?"

दिव्याच्या अंगातून दुसरा दिवा बाहेर निघाला. मळकट, थरथरता, ओल्या भिंतीवरच्या डागासारखा. तो सरकून पहिल्याच्या शेजारी उभा राहिला. धाकटीने तो कोपऱ्यात ढकलायला बघितलं, मान किंचित वळवली, पण तो जाईना. ताटात पडलेल्या केसासारखा तो तिथेच होता.

"एक," ती म्हणाली.

"नक्की?"

"एकच."

बाईंनी दिवा विझवला. जराशाने त्यांनी एक चष्म्याचा सांगाडा घेतला, डाव्या बाजूला तशीच जाड काच बसवली आणि तो धाकटीच्या डोळ्यांवर चढवला. "ऑपरेशननंतर जग साधारण असं असेल. तासभर बाहेर बस, चहा पी, इकडेतिकडे बघ. मग येऊन सांग. घाई नाही."

धाकटी दार धरून बाहेर आली आणि जागीच थबकली.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशातली गत. तिने मागितल्या नव्हत्या तरी बाकावर दोन आत्या बसल्या होत्या. एक स्वच्छ, एक जरा धुरकट, एकमेकींच्या मांडीत शिरलेल्या. दोघींच्या हातात रुमाल होते आणि दोन्ही रुमालांची टोकं दोन्ही तोंडांत होती.

"काय गं, झालीस पास? हे काय अवजार चढवलंय तोंडावर? ये इकडे, पुसू दे."

दोन्ही रुमाल तिच्याकडे निघाले. कोणता चुकवावा हे तिला कळेना. ती चुकीच्याकडून बाजूला झाली आणि खरा गालावर बसला.

"आत्या, नको. तासभर हा चष्मा लावून बसायला सांगितलंय. मला मळमळतंय."

"सकाळपासून पोटात काही नाही, दुसरं काय? चहा ओत."

थर्मास आत्याने घरून आणला होता. धाकटी चहा ओतताना नेहमी थर्मासचं तोंड कपाच्या काठाला टेकवून मग ओते. अंतर तिला डोळ्याने कळत नसे, हाताने कळे. आत्याला ती पद्धतही ओंगळ वाटायची. आज काठ दोन होते. तिने एका काठाला टेकवायला बघितलं. तिथे काहीच नव्हतं आणि कढत चहा आत्याच्या मांडीवर गेला.

"शी! शी! मेले गं! आंधळी झालीस काय?"

"मला दोन दिसतायत, आत्या. सगळंच. दिवे पण दोन होते. मी आत खोटं सांगितलं."

आत्या साडी झटकायची थांबली. तिने दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "हळू बोल. होईल सवय."

"होणार नाही. मरेपर्यंत राहू शकतं असं म्हणाल्या त्या."

"मग एक डोळा मिटून घ्यायचा! त्यात काय? लग्न पार पडेपर्यंत ताणून धर, पुढे मिट हवा तेवढा. नंतर कोण बघतंय?"

"आणि काम? एका ठिपक्याचे दोन दिसले तर मी फोटो कसे करू?"

"सासरी कोण करू देणार आहे तुला फोटो? चाललीय मोठी फोटोवाली." आत्या पुढे वाकली. दोन्ही चेहरे पुढे वाकले, दोन्हीकडून लवंगेचा वास आला. "हे बघ, आत जायचं आणि एक म्हणायचं. माझ्यासाठी म्हण. तुला काय कल्पना आहे, मी काय काय गिळलंय ते? रोज दोन वेळा हा डोळा समोर घेऊन जेवलेय मी. परक्याच्या घशाखाली घास उतरला नसता."

हे आत्याने रागाने म्हटलं नाही. उपकारांची आठवण करून द्यावी तसं, डोळ्यांत पाणी आणून म्हटलं. धाकटी बघत राहिली. दोन तोंडं, दोन्ही हलत होती. ओठांच्या कोपऱ्यांत पांढरी थुंकी साठली होती, ती चार ठिकाणी दिसत होती. तिची नाकपुडी आपोआप वर ओढली गेली. मग वरचा ओठ. मग मान वळली. आतड्यापासून वर काहीतरी आलं, आणि ते चष्म्यामुळे आलेलं नव्हतं.

खोलीच्या दारात दिवेवाल्या बाई पुढचा पेशंट बोलवायला आल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"ये आत," त्या म्हणाल्या.

"तास झाला नाही अजून," आत्या म्हणाली.

"माझं घड्याळ पुढे आहे."

आत गेल्यावर बाईंनी चष्मा काढला. जग पुन्हा एक झालं. सपाट, ओळखीचं, कोपऱ्यात चादर घातलेलं. धाकटीला त्या क्षणी ते इतकं सुंदर वाटलं की तिने टेबलाची कड धरून ठेवली.

"आता सांग. किती?"

एक म्हटलं तर सरळ डोळा होता. दुकानदार होता, मागे वळून न बघणारी माणसं होती.

"दोन. मघाशी काचेची पट्टी सरकवलीत तेव्हाही शेवटी दोनच दिसले होते."

"बाहेर एवढं काय बघितलंस? माशी उठल्यासारखं तोंड झालं होतं."

"दोन आत्या."

बाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांचं हसू खोकल्यासारखं होतं.

दार ढकलून आत्या आत आली. "घाबरलीय हो पोरगी, काहीतरी बोलते! एकच दिसतंय तिला!"

"तुम्हाला किती दिसतात ते मी विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, स्वतः एकदा दिवा धरून खात्री केली आणि मान हलवली. "या डोळ्याला मी हात लावणार नाही. आणि दुसरा कोणी लावतो म्हणाला, तर आधी मला येऊन भेट." धाकटी "हो" म्हणाली आणि जिन्यात येऊन रडली. एवढ्या वर्षांची आशा होती, ती काही हसत हसत जात नाही. आत्या चार पायऱ्या पुढे उभी राहून भिंतीशी बोलत होती.

स्थळ मोडलं. फोटो परत आला, त्यावर कोणाच्या तरी तेलकट अंगठ्याचा ठसा होता. धाकटीने तो स्टुडिओत नेला. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पिळला आणि डाव्या डोळ्यावरून अलगद फिरवला. पांढरा रंग आधी दुधासारखा पसरला, मग बोळ्यावर आला. खालून तिचा डोळा निघाला, नाकाशी चिकटून, आपल्या जुन्या जागी. त्यातला उजेडाचा ठिपका तिने काढलेल्या ठिपक्यापेक्षा बरा होता.

"कोणत्या गिऱ्हाइकाचा गं?" मालकांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाचा नाही. माझा."

त्यांनी जवळ येऊन बघितलं. "बरा आलाय," ते म्हणाले आणि आपल्या कामाला गेले.

संध्याकाळी घरी तिने दोघींचा चहा केला. किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवलं, कप किणकिणला. आत्याचं नाक वर गेलं, ओठ हलले. धाकटीने ओतणं थांबवलं आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं. एक डोळा आत्यावर, दुसरा त्याला हवा तिकडे. एकही खाली घातला नाही.

आत्याच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. तिने पदराने कपाचा काठ पुसला, दोनदा पुसला, आणि चहा प्यायली.